करकोच्यांसाठी कॅमेरा

ओलोवित्साच्या खालच्या वस्तीतल्या लोकांनो,

आपल्या दारांवरची शोकपत्रके एकदा नीट बघा. बसथांब्यावरची बघा, बेकरीच्या भिंतीवरची बघा. एकाच्या खांद्यावर परका हात आहे. एकीच्या गालाशी कुठल्याशा नवरीची जाळी आली आहे. एकाच्या ओठांशी अर्धा ग्लास आहे, तो धरणारी बोटे कापून टाकली आहेत. ही सगळी डोकी लग्नाच्या घोळक्यातून कात्रीने काढलेली आहेत. जिवंतपणी स्वतःचा चांगला फोटो काढून ठेवणे म्हणजे मरणाला आमंत्रण, असे आपण मानतो. म्हणून आपली माणसे दुसऱ्याच्या लग्नातला चेहरा घेऊन जातात. आणि ती कशाने गेली हे एकाही पत्रकावर लिहिलेले नसते. कारखान्याच्या ज्या धुराड्याखाली आपण जन्म काढला, त्याचे नाव आपल्या भिंतींवर कुठेही नाही.

खाली या फळ्यावर आमच्या घरातली पत्रे लावली आहेत. माझी, माझी भाची झोर्नित्सा हिची आणि माझी बायको नेव्याना हिची. दोघींनी हो म्हटले आहे. उभ्याने वाचावी लागतील, त्याला इलाज नाही. शेवटी मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे.

स्तामेन, निवृत्त इतिहासशिक्षक
वाचनगृहाच्या फोटो मंडळाचा अध्यक्ष

*

ओलोवित्सा, २० मार्च

प्रिय झोर्नित्सा,

प्लोव्दिवला कॅमेऱ्यांच्या दुकानात तू इतकी वर्षे आहेस आणि मी तुझ्याकडे कधी काही मागितले नाही. आता मागतो. मला एक चांगला कॅमेरा निवडून दे. प्रवासी लोक गळ्यात घालतात तसला नको. मंडळात आम्ही अजून जुन्या रिळांच्या गप्पा मारतो, पण आता मला नव्या जातीचा, गंभीरपणे काम करणारा हवा. वापरलेला चालेल.

मला करकोच्यांचे फोटो काढायचे आहेत. आमच्या बाल्कनीसमोर पाण्याची जुनी टाकी आहे, तिच्यावर त्यांचे घरटे आहे. अटी तीन. कॅमेऱ्याचा आवाज अजिबात होता कामा नये, नाहीतर ते उडून जातात. कमी उजेडात त्याला दिसले पाहिजे. आणि माझा हात आता थरथरतो, ते त्याने सांभाळून घ्यावे.

फोन करू नकोस. हे घर एवढेसे, तुझी मामी पलीकडच्या खोलीतून सगळे ऐकते आणि या वयात तुला कसले हे खूळ म्हणून दोन दिवस टोमणे मारील. तिला खोकला झाला आहे. छातीत सर्दी धरली आहे, असे डॉक्टर म्हणाले. काळजीचे काही नाही.

तुझा मामा, स्तामेन

*

प्लोव्दिव, २६ मार्च

प्रिय मामा,

पोस्टाने पत्र येणारी या दुकानात मी एकटीच. मालकांना वाटले कोर्टाचे समन्स आले. पत्र वाचून मात्र खूप बरे वाटले. तुम्हाला छंद लागला ही चांगली बातमी आहे. नाहीतर तुम्ही नगरपालिकेला भाषणे लिहून पाठवता आणि ते त्यांत सूर्यफुलाच्या बिया बांधतात.

आता ऐका. लोक दुकानात येतात आणि आधी विचारतात, किती मेगापिक्सेल. तो प्रश्न सोडा. भिंतीएवढा फोटो छापायचा नसेल तर आजचा कुठलाही बरा कॅमेरा पुरतो. पहिला प्रश्न, आरशाचा की बिनआरशाचा. आरशाच्या कॅमेऱ्यात फोटो काढताना आतला आरसा उडतो, त्याचा खट्ट आवाज कुणी काही केले तरी जात नाही. तुम्हाला बिनआरशाचाच हवा. त्यात शटरही न हलवता, पूर्ण मुक्याने फोटो काढायची सोय असते. दुसरे, सेन्सर मोठा घ्या, कमी उजेडात उपयोगी पडतो. तिसरे, हाताचा थरकाप कॅमेऱ्याच्या आतच सावरणारी जात घ्या. आणि उरलेले सगळे लेन्सवर घाला. कॅमेरे जुने होतात, चांगली लेन्स होत नाही. पक्ष्यांसाठी लांब पल्ल्याची लागेल. ती जड असते, पण तीनपायी स्टँडवर बसते.

माझ्या बाबांच्या पत्रकावरचा फोटो आठवतो का? शेजारच्या मिरोस्लाव्हच्या लग्नातला. खांद्यावर कुणाचा तरी हात, मनगटावर घड्याळ. तो हात कुणाचा होता ते मला अजून माहीत नाही. कॅमेऱ्याच्या धंद्यात मी त्या हातामुळे आले असेन.

मार्चचा लाल-पांढरा दोरा माझ्या मनगटावर तसाच आहे. या वर्षी मला अजून एकही करकोचा दिसलेला नाही, तो दिसल्याशिवाय दोरा काढून झाडाला बांधायचा कसा? तुम्हाला रोज दिसतात तर माझ्या नावाने एक दोरा जर्दाळूला बांधून टाका. मामीला आल्याचा चहा द्या.

झोर्नित्सा

*

ओलोवित्सा, ४ एप्रिल

प्रिय झोर्नित्सा,

बिनआरशाचा, मोठ्या सेन्सरचा, हात सावरणारा. तिन्ही मान्य. लांब पल्ल्याची लेन्स नको. आखूड दे, माणसाच्या डोळ्याला दिसते साधारण तेवढेच दाखवणारी आणि भरपूर उजेड आत घेणारी. तुमच्या भाषेत पन्नासची म्हणतात ना, ती. घरटे अगदी जवळ आहे.

आणि ती मुक्याने फोटो काढायची सोय नक्की असू दे. बाकी काही कमी असले तरी चालेल.

मामीचा खोकला तसाच आहे. रात्री उशा रचून बसून झोपते. तिला मी थोडी थंडी बाधली म्हणून सांगितले आहे.

स्तामेन

*

प्लोव्दिव, ११ एप्रिल

मामा,

पन्नासची लेन्स घेऊन करकोच्यांचे फोटो काढायला तुम्ही घरट्यात जाऊन बसणार आहात का?

मी वेडी नाही. आखूड लेन्स, कमी उजेड, आवाज नको, फोनवर बोलायचे नाही. तुम्ही कारखान्यात शिरणार आहात. धुराड्याची गाळणी बंद ठेवून काम चालते, याचे फोटो तुम्हाला काढायचे आहेत. मंडळातले दोघेतिघे सोबत असतील आणि पुढारीपण तुमच्याकडे असेल. मामा, फाटकावरचे रखवालदार आता गावचे नाहीत. तुमचे वय बघा. तुम्ही पकडले गेलात तर आजारी मामीकडे कोण बघणार?

तरीही कॅमेरा पाठवते आहे. माझे बाबा त्याच भट्टीवर होते, तुम्हाला अडवायचे माझ्या जिवावर येते. शुक्रवारच्या बसच्या ड्रायव्हरकडे खोके दिले आहे, थांब्यावरून घ्या. मेनूत पहिल्याच पानावर मुका शटर आहे, मी तो चालू करूनच ठेवला आहे. बॅटरी दोन दिल्या आहेत.

सांभाळा. आणि खरे काय ते मला तरी सांगत जा.

झोर्नित्सा

*

ओलोवित्सा, २ मे

प्रिय झोर्नित्सा,

खोके मिळाले. हातात घेतला आणि वाटले, हा जन्मभर हातात असायला हवा होता.

तू जे ओळखलेस त्यावर मी हो म्हणत नाही आणि नाही म्हणत नाही. माणसाने या गावात कधीतरी पुरावा गोळा करायला हवा, एवढेच म्हणतो. आपण पिढ्यान् पिढ्या कुजबुजत आलो. कुजबुजीवर कुठल्या न्यायाधीशाने आजवर शिक्षा ठोठावली आहे?

एक अडचण आहे. उजेड कमी झाला की कॅमेऱ्याच्या पुढच्या बाजूला एक लाल दिवा लागतो. तो बंद कसा करायचा? करकोचे बिचकतात.

स्तामेन

*

ओलोवित्सा, ३ जून

माझ्या झोरे,

मी पत्र लिहिते आहे याचे नवल वाटू देऊ नकोस. तुझा मामा माझा फोन बघतो, डॉक्टर काय म्हणाले ते मला कळू नये म्हणून. शेजारीण हे पत्र टाकील. उत्तर तिच्याच पत्त्यावर दे.

तू त्याला कॅमेरा दिलास. कशासाठी म्हणून दिलास? बाजारात मंडळातल्या एकाने मला विचारले, स्तामेन करकोच्यांचे फोटो काढतो म्हणे. मी म्हटले, कुठले करकोचे? अगं, ओलोवित्सात करकोचा येऊन किती वर्षे झाली. टाकीवरचे घरटे कधीच कोसळले, आता तिथे पत्रा आहे. तुम्ही लोक गाव सोडून गेलात, तुम्हाला वाटते सगळे होते तसेच आहे. माझ्या मनगटावर मार्चचा दोरा जून उजाडला तरी आहे. मळून दोरीसारखा झाला आहे. करकोचा दिसल्याशिवाय काढायचा नाही, तर मी आता तो वर घेऊन जाणार.

त्याचा करकोचा मी आहे. स्वयंपाकघरात संध्याकाळी मी भाजी निवडायला बसते आणि हा दाराआड पाव कापायचे नाटक करतो. लाल दिवा लुकलुकतो. मला वाटले सिगारेट पुन्हा सुरू केली. मग एकदा पिठाच्या कपाटात कॅमेरा सापडला.

मला माहीत आहे मला काय झाले आहे. कारखान्याच्या धुलाईघरात मी भट्टीवाल्यांचे कपडे आयुष्यभर झटकले. पाण्यात टाकायच्या आधी झटकायचे, असा नियम होता. ती राखाडी पूड कुठे जाते असे तुला वाटते? माझ्याबरोबरच्या सगळ्या बायका भिंतीवर आहेत. डॉक्टर म्हणतो सर्दी, नवरा म्हणतो थंडी. मी म्हणते बरं. मला कळले आहे हे त्याला कळले तर तो कोसळेल गं. लोकांपुढे गर्जना करणारी माणसे घरात अशीच असतात.

म्हणून मी स्थिर बसते. तो दाराशी आला की मान जरा उजेडाकडे करते, मिरची हातात धरून ठेवते. माझ्या पत्रकासाठी त्याला फोटो हवा आहे, म्हणून करते आहे हे. पण कॅमेऱ्यात बघितले तर माझ्या तोंडावर काळे पट्टे. एक नाही, सगळ्या फोटोंत. कपाळावर एक, डोळ्यांवर एक, गळ्यावर एक. तुरुंगाच्या गजांमागून बघावे तशी दिसते मी. तो रोज रात्री बघतो, पुसतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढतो. परवा न्हाणीघरात जाऊन रडला, नळ सोडून.

हा आजार कॅमेऱ्याचा आहे की माझा, तेवढे सांग.

आणि एक. मला कोणाच्या लग्नातून कापू नका.

तुझी मामी, नेव्याना

*

प्लोव्दिव, ८ जून

मामी,

तुझे पत्र मी दुकानाच्या मागच्या खोलीत दोनदा वाचले.

आजार कॅमेऱ्याचाही नाही. तुमच्या स्वयंपाकघरात नळीचा दिवा आहे ना? तो सतत जळत नाही. इतक्या झपाट्याने लुकलुकतो की आपल्या डोळ्यांना कळत नाही. मुका शटर चित्र एकदम घेत नाही, वरून खाली ओळीओळीने वाचतो. वाचता वाचता दिवा लुकलुकला की त्या ओळी काळ्या पडतात. दिवसाच्या उजेडात असे होत नाही, आणि आवाज चालू ठेवून साधा शटर वापरला तर नळीखालीसुद्धा इतके पट्टे येत नाहीत.

घरात, दिव्याखाली, माणसाचे फोटो काढायचे आहेत एवढे मामांनी सांगितले असते तर पहिल्याच पत्रात हे लिहिले असते. कोणत्याही गिऱ्हाइकाला आम्ही सांगतो. त्यांनी करकोचे म्हटले, मी उघड्या आभाळाचा विचार केला. मग मी रखवालदारांचा विचार केला. तुझा विचार मी केला नाही.

मी मामांना सगळे लिहू का? तू हो म्हण. नाहीतर सकाळी खिडकीपाशी बस. जितकी जवळ बसशील तितके चांगले. मी या आठवड्यात येते.

तुझी झोरा

*

ओलोवित्सा, १५ जून

झोरे,

लिहू नकोस. येऊही नकोस, तू अचानक आलीस तर त्याला वाटेल माझे शेवटचे दिवस आले.

खिडकीपाशी बसते. पण काच राखेने आंधळी झाली आहे. बाहेरून पुसली की संध्याकाळपर्यंत पुन्हा तशीच. शेजारणीला रोज सकाळी पुसायला सांगितले आहे. ती म्हणाली, मरणारीला कसली हौस. मी म्हटले, मरणारीलाच असते.

तू त्याला करकोच्यांच्या नावाने काय सांगायचे ते सांग.

नेव्याना

*

प्लोव्दिव, १८ जून

प्रिय मामा,

करकोच्यांबद्दल मी एका जाणत्याला विचारले. तो म्हणतो, कॅमेऱ्याच्या आवाजाने करकोचे बिचकत नाहीत. त्यांना माणसाची सवय असते. उलट माणूस चोरासारखा वागला की ते अस्वस्थ होतात. मुका शटर बंद करा. सकाळच्या उजेडात काढा. दिव्याखाली काढू नका, पट्टे येतात. लाल दिवा मेनूच्या तिसऱ्या पानावर बंद होतो.

मला काही विचारू नका. जे सांगितले ते करा, एवढी एकच विनंती.

झोर्नित्सा

*

ओलोवित्सा, ९ सप्टेंबर

प्रिय झोर्नित्सा,

अंत्यविधीला तू तुझ्या मामीची पत्रे माझ्या हातात ठेवलीस, ती मी आता वाचली. म्हणून तुलाही राहिलेले सांगतो.

तुझे जूनचे पत्र आल्यावरही मी आवाज चालू करायला धजलो नाही. सकाळी ती खिडकीपाशी बसू लागली, माझे नशीब उघडले असे मला वाटले. मुक्यानेच काढत राहिलो. पट्टे गेले. पण सगळे फोटो मागून किंवा बाजूने. कान, गाल, मान. ती माझ्याकडे बघत नव्हती आणि मी तिला बघ म्हणू शकत नव्हतो. वर्गात मी मुलांना सांगत असे की कारखान्यावर मोर्चा न्यायला छाती लागते. बायकोला नुसते इकडे बघ म्हणायला किती लागते ते मला माहीत नव्हते.

ऑगस्टमध्ये ती फारच वाळली. तरी मिरच्या आणायला लावल्या. हिवाळ्याची चटणी केल्याशिवाय घर कसले, म्हणाली. भाजलेल्या मिरच्यांची साले काढत खिडकीपाशी बसली होती. मी तुझे पत्र पुन्हा वाचले आणि मुका शटर बंद केला. युक्ती अशी काढली होती की पाळीचा भोंगा वाजेल तेव्हा बटण दाबायचे, त्याच्या गलक्यात आवाज बुडेल. भोंगा वाजला. मी दाराशी उभा होतो. तिच्या मनगटावरचा दोरा मला कॅमेऱ्याच्या काचेतून दिसला आणि माझे बोट गोठले. भोंगा थांबला. घर एकदम शांत झाले, आणि मग माझे बोट दाबले गेले.

खट्ट.

ती वळली नाही. मिरचीचे साल काढत म्हणाली, "आला का आवाज एकदाचा?"

मी कॅमेरा खाली घेतला.

"किती महिने मी मान धरून बसले आहे," ती म्हणाली, "माझी मान आखडली, स्तामेन. ये समोर. भिंतीसारखा उभा राहू नकोस."

मी समोर गेलो. तिने हात फडक्याला पुसले, केस मागे सारले, आणि माझ्या तोंडाकडे बघून हसली. माझे तोंड तेव्हा कसे झाले असेल देवाला ठाऊक. तो फोटो मी काढला. हात थरथरत होता, कॅमेऱ्याने सावरला. तू निवडून दिलेस ते नीट निवडलेस.

त्यानंतरचे दिवस आम्ही खोटे बोललो नाही. तिने मला धुलाईघरातल्या बायकांची नावे सांगितली, एकेकीचे खोकणे कसे होते तेही. आमचे लग्न होऊन आयुष्य गेले आणि तिच्या कामाची माहिती मला तेव्हा झाली. शोकपत्रकावर काय लिहायचे ते तिने सांगून ठेवले, आणि तुला लिहिलेली पत्रे गावाला वाचू दे असेही. नाव, वय, आणि खाली: कारखान्याच्या धुलाईघरातल्या पुडीने गेली.

छापखानेवाला म्हणाला, सर, अशी ओळ कोणी घालत नाही. हसरा फोटोही कोणी घालत नाही, लोक काय म्हणतील. मी म्हटले, फोटो छाप, ओळ मी हाताने लिहीन. लिहिली. प्रत्येक पत्रकावर. सकाळी बघितले तर कारखान्याच्या भिंतीवरचे पत्रक होते, तिचा चेहरा होता, फक्त ती ओळ कुणीतरी खिळ्याने खरवडली होती. बाकी कुठल्याही पत्रकाला कुणी हात लावला नव्हता. म्हणजे वाचले त्यांनी.

दोरा मी काढून घेतला नाही. तो तिच्या मनगटावरच गेला.

आता पुढचे मी तुला लिहीत नाही, गावाला लिहितो.

स्तामेन

*

लोकांनो, वाचलेत.

धुराडे खोटे बोलते, कारण त्याचा त्यात फायदा आहे. डॉक्टर सर्दी म्हणतो, कारण त्याला इथेच राहायचे आहे. पण आपण? आपण आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच माणसाशी, प्रेमापोटी खोटे बोलतो, आणि त्या खोट्याचे पट्टे आपल्या माणसाच्या तोंडावर उमटतात. जे गाव घरात खोकल्याला खोकला म्हणत नाही, त्या गावाला फाटकाबाहेर कोण विचारणार? मेलेल्यांची पत्रके कारखानेवाल्यांना त्रास देत नाहीत. मेलेला माणूस साक्ष देत नाही, आणि त्याच्या खांद्यावर तर परका हात असतो. त्यांना खिळा हाती घ्यावा लागला तो एका ओळीसाठी आणि सरळ समोर बघणाऱ्या एका चेहऱ्यासाठी.

म्हणून आता जिवंत चेहरे लावू. याच फळ्यावर, पत्रकांच्या शेजारी. नाव, काम, आणि खोकला कधीपासून आहे ते, त्याच्या स्वतःच्या अक्षरात. मरण ओढवेल म्हणून घाबरता? नेव्यानाने फोटोला नकार दिला नव्हता, पण मरण त्याआधीच तिच्या छातीत होते, त्याने काही फोटोची वाट बघितली नव्हती.

येत्या रविवारी चर्च सुटल्यावर वाचनगृहाच्या उत्तरेकडच्या खिडकीपाशी एक खुर्ची ठेवलेली असेल. काच झोर्नित्सा पुसणार आहे, कॅमेरा मी धरणार आहे, आणि आवाज चालू असेल. तुमच्या घरात जो खोकतो त्याला घेऊन या, आणि त्या खुर्चीवर बसवा.